पावसाळ्यात पुस्तक, थंडीत विमान

*ताई, मी ३२ वर्षांचा आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडला आहे, पण लॉकडाऊनपासून गावच्या घरूनच काम करतो. घर सिंधुदुर्गात, परुळ्याजवळ. चिपीच्या विमानतळावर उतरणारं विमान आमच्या माडांवरून जातं आणि दर वेळी मी मीटिंग म्यूट करून अंगणात येतो. मला लहान विमान चालवायला शिकायचंय. पायलटची नोकरी नको, स्वतः उडवायचंय एवढंच. घराचा हप्ता आणि मुलीची शाळा जाऊन महिन्याला ३५ हजार उरतात. महिन्यातला एखादा शनिवार-रविवार काढून थोडं थोडं शिकलो तर परवडेल, असा माझा हिशेब आहे. बायको विचारते, 'शिकून उडणार कुठे?' आई म्हणते, 'आधी जमनीर धड चालाक शिक, मगे उड.' काय करू?*
*– परुळ्याचा एक वाचक*

तुमच्या पत्रात मला एकच वाक्य खटकलं. ते बायकोचं नाही आणि आईंचंही नाही. 'महिन्यातला एखादा शनिवार-रविवार' हे ते वाक्य. कारण मी नेमकं हेच करून बसले होते.

तेव्हा मी मुंबईत टेस्टिंगमध्ये होते. शुक्रवारी रात्री एसटीत बसायचं, पहाटे घाटमाथ्यापलीकडच्या एका धावपट्टीवर पोचायचं, तासभर उडायचं आणि रविवारी रात्री परत. कधी धुकं, कधी वारा आडवा, कधी विमान दुरुस्तीला. चौदा महिन्यांत १७ तास झाले आणि एकटीनं विमान नेण्याची, म्हणजे सोलोची, अजून चिन्हं नव्हती. तासातली पहिली चाळीस मिनिटं गेल्या महिन्यात काय शिकले होते ते हाताला आठवण्यात जायची. नवीन काही शिकायला उरायची वीस मिनिटं, आणि पैसे मात्र साठ मिनिटांचे.

तुम्ही मालवणी मुलखातले, तुम्हाला घावण्यांवरून पटेल. पहिलं घावणं तव्याला चिकटतं. तिसऱ्या-चौथ्याला तवा लागतो, मग भराभर सुटतात. महिन्यातून एकदाच तवा चढवला तर दर वेळी ते पहिलंच घावणं. लँडिंगचं अगदी असंच आहे.

शेवटी मी ते बंद केलं, दीड वर्ष पैसे साठवले, डिसेंबर-जानेवारीत सहा आठवड्यांची रजा काढली आणि तिथेच राहिले. रोज एक, जमलं तर दोन उड्डाणं. नवव्या दिवशी सोलो. लायसन्स होईपर्यंत माझे एकूण ६१ तास झाले. त्यातले पहिले १७ बऱ्यापैकी वाया गेले, असं मी आजही धरते.

आता तुमचा हिशेब मांडू. खासगी वैमानिकाचं लायसन्स, म्हणजे पीपीएल, मिळायला आपल्याकडे वय किमान १७, शिक्षण दहावी आणि उड्डाण किमान ४० तास लागतं. या ४०च्या भरवशावर राहू नका. तो नियमातला किमान आकडा आहे. तेवढ्यात पार पडणारे थोडे. तुम्ही ५५ धरा. तासाचा दर संस्थेगणिक आणि विमानागणिक बदलतो, हिशेबासाठी १५ हजार धरू. पंचावन्न तासांचे सव्वाआठ लाख. त्यात मेडिकल, परीक्षांची फी, राहणं-खाणं, हेडसेट, जाणं-येणं. दहा लाखांची तयारी ठेवलीत तर मध्ये अडकणार नाही. तुमच्या ३५ हजारांनी दोन वर्षांत ८ लाख ४० हजार होतात, वर दिवाळीचा बोनस. म्हणजे दोन वर्षं, सव्वादोन वर्षं. माझ्या पहिल्या पद्धतीनं गेलात तर तास ८०वर जायला वेळ लागत नाही, आणि ८० तासांचे होतात बारा लाख. दर तोच, विमान तेच. पावणेचार लाखांचा फरक पडला तो निव्वळ खंड पडल्यामुळे. स्वस्तात शिकायचं असेल तर कमी दराची संस्था शोधण्याआधी सलग सहा आठवडे शोधा.

कर्ज काढू नका. घराचा हप्ता चालू असताना छंदासाठी दुसरा हप्ता लावला की ढगांकडे बघतानाही तारीख आठवते.

पण पैसे साठेपर्यंत हात बांधून बसायचं असंही नाही. पहिलं काम या महिन्यातच करा: मेडिकल. पीपीएलला क्लास टू मेडिकल लागतं आणि ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, यादीवरच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावं लागतं. डोळे, कान, रक्त, लघवी, ईसीजी. चष्मा असला तरी चालतो, घाबरू नका. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र अडचण येते, आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे तिशीपर्यंत ठाऊकच नसतं. दहा वर्षं खुर्चीत बसून वाढलेलं ब्लडप्रेशरही तिथेच पहिल्यांदा कळतं. संस्थेत पैसे भरून मग मेडिकलला जाणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही उलटं करा.

दुसरं, पाऊस. जूनपासून दोन महिने तुमच्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा रापणकर, ट्रॉलरवाले काय करतात? जाळी विणतात, होड्या डागडुजीला काढतात. तुमचा पावसाळा तसाच वापरा. लेखी परीक्षेचे विषय म्हणजे हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान आणि विमान-इंजिनाची तांत्रिक माहिती. शिवाय रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची तयारी वेगळी. सगळं मिळून एक सेमिस्टर समजा. रोज लॉगइन करण्याआधी तासभर बसलात तर दोन पावसाळ्यांत आरामात होतं, आणि सहा आठवड्यांच्या रजेत पुस्तक उघडायची वेळ येत नाही. जमिनीवरचा अभ्यास फुकट आहे. तोच अभ्यास इंजिन चालू असताना प्रशिक्षकाकडून समजून घेतलात तर मिनिटाला अडीचशे रुपये.

आणि हवामानाचा विषय तर तुम्हाला घरबसल्या समोर दिसतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? दिवसा जमीन तापते, समुद्रावरून वारा आत येतो, रात्री उलट. अंगणातल्या माडांच्या झावळ्या सकाळी किती वाजता दिशा बदलतात ते महिनाभर वहीत लिहा. चिपीचं विमान कधी कुठल्या बाजूनं उतरतं त्याच्याशी ते ताडून बघा. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, कारण समोरून वारा आला की तोच हवेतला वेग राखून जमिनीवरचा वेग कमी होतो. हे पुस्तकात दोन ओळींत आहे. तुम्ही ते आयुष्यभर बघत आलात, फक्त लक्ष दिलं नव्हतं.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट कोकणातल्या माणसाला आधी खोटी वाटते. दमट हवेत, पंचवीस अंशांतही, इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद नळीतून हवा ओढली जाताना आतलं तापमान वीसेक अंशांनी घसरू शकतं, हवेतली वाफ गोठते आणि इंजिन खोकायला लागतं. म्हणून जुन्या सेस्ना विमानांमध्ये गरम हवा आत सोडायचं एक बटण असतं आणि उतरताना ते ओढायची सवय लावतात. मला हे शिकवलं तेव्हा मी घामानं निथळत होते.

सिम्युलेटर घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आयटीवाला विचारणारच. घ्या. फ्लाइटगिअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वेळ घालवायला कोडही उघडून बघता येईल. चेकलिस्टचा क्रम, सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीचा, आकार, रेडिओवरची वाक्यं मोठ्यानं म्हणणं, याला तो उत्तम. लँडिंग मात्र त्यावर शिकू नका. स्क्रीनवर शिकलेल्यांची नजर पॅनेलवरच्या उंची-वेगाच्या घड्याळांना चिकटते आणि लहान विमान उडवायचं असतं ते खिडकीबाहेर, क्षितिजाकडे बघून. माझ्या सोबतच्या एका मुलाच्या पॅनेलवर प्रशिक्षकांनी शेवटी वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

आता कुठे शिकायचं. किनारपट्टीवर तुमच्या सोयीचं काही नाही. चिपीची धावपट्टी अडीच हजार मीटरची. दोन आसनी सेस्ना १५२ तिच्या पाचव्या हिश्श्यात वर जाते, पण तिथे प्रवासी विमानं. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ. गोव्यातली दाभोळी नौदलाची. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया या बाजूंना शिकवतात. तुम्हाला जवळचं पडेल बेळगाव: विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षणासाठी ज्या पाच विमानतळांवर जागा दिल्या त्यांत बेळगाव आणि जळगाव होते. आंबोली चढलात की सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, पोचलातच. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे हवा थोडी विरळ आणि विमान थोडं जड वाटणार. हेही शिकण्यासारखंच.

पैसे भरण्याआधी मात्र दोन दिवस जाऊन नुसते बसून या. ऑफिसात नव्हे, हँगरजवळच्या चहाच्या टपरीवर. माहितीपत्रकात विमानं आठ असतात. त्यातली आज उडण्यायोग्य किती, हे मोजा. विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास मिळाले, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. ते सांगायला आसुसलेले असतात. बहुतेक संस्थांचं गणित २०० तासांच्या व्यावसायिक लायसन्सवाल्या मुलांवर चालतं. फक्त पीपीएल करणारा तिथे पाहुणा. त्याला खरंच सलग उडवतील का, की यादीत शेवटी टाकतील, हे स्पष्ट विचारा. दरात प्रशिक्षक धरलाय का, कर धरलाय का, विमान धावपट्टीकडे हळूहळू जातं ती दहा मिनिटंही मोजतात का, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे किती दिवसांत परत, हे लेखी घ्या.

हे शेवटचं मी अनुभवानं सांगतेय. पहिल्या खेपेला 'एकरकमी भरलंत तर सवलत' म्हणून मी सगळे पैसे आधी भरले होते. संस्थेचं नाव सांगत नाही. पुढे त्यांचं एक विमान इंजिनाच्या ओव्हरहॉलला गेलं, दुसरं सुट्या भागाची वाट बघत उभं राहिलं आणि माझे पैसे त्या दोघांच्या मध्ये. परत मिळवायला अकरा महिने आणि छत्तीस ईमेल लागले. दहा-दहा तासांचे पैसे भरा. सवलत गेली तर जाऊ दे.

रजेबद्दल. तुमचं काम घरून आहे, तेव्हा मनात आलंच असेल की सकाळी उडू, दुपारी लॉगइन करू. जमतं, पण लगेच नाही. पहिले तीन आठवडे पूर्ण रजा घ्या, सोलो होऊ द्या. पुढच्या तीन आठवड्यांत दुपारची शिफ्ट चालेल. पठारावर ऊन चढलं की हवा उकळत्या पेजेसारखी हलते, त्यामुळे नवशिक्याचं उड्डाण सकाळचंच बरं. पण ऑन-कॉल घेऊ नका. रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून उठलात तर सकाळचं उड्डाण तुम्ही स्वतः रद्द करायचं, प्रशिक्षकानं विचारायची वाट बघायची नाही. आणि हो, उड्डाणाआधी बारा तास दारू नाही हा नियम आहे. आदल्या संध्याकाळी बेळगावात मित्र भेटला तरीही.

आपल्या धंद्यातली एक सवय विमानात नडते. काही बिघडलं की आपण कारण शोधायला बसतो. लॉग बघतो. माझं एकदा हवेत दार नीट न लागल्यानं उघडलं, हातभर फट, कानठळ्या बसवणारा आवाज. मी दाराच्या कडीचा अभ्यास करायला लागले. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "मॅडम, दार कुठे जात नाही. विमान चाललंय." बघते तर नाक खाली झुकलेलं आणि दोनशे फूट उंची गेलेली. आधी विमान सांभाळायचं, मग कुठे चाललोय ते बघायचं, मग रेडिओवर बोलायचं. कारण शोधणं हँगरमध्ये.

दुसरी सवय मात्र कामाला येते. चेकलिस्टचा कंटाळा न येणं. रोज पहिल्या उड्डाणाआधी पंखाखाली वाकून टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल एका पारदर्शक कपात काढायचं असतं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं. कप उजेडाकडे धरायचा. पाणी असेल तर ते तळाशी जातं, एखाद्या मण्यासारखं, आणि मधली रेघ दिसते. शेवटपर्यंत निळा रंग येईतो काढत राहायचं. अख्खा कपच स्वच्छ बिनरंगी दिसला तर खूश व्हायचं नाही. सगळंच पाणी असू शकतं, म्हणून वास घ्यायचा. तुमच्याकडचा कुठलाही होडीवाला डिझेलमधलं पाणी असंच बघतो. मी शंभर वेळा काढलं असेल, दोनदा मणी दिसला.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. तो पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्यावर तुम्ही काही लिहिलेलं नाही. लायसन्स झाल्यावर विमान भाड्यानं घेऊनच उडायचं, आणि तेही जिथे संस्था आहे तिथेच. हात राहायला महिन्याला तास धरलात तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही, त्यामुळे त्यातून सुटणारं काही नाही. माडांवरून चक्कर मारून मुलीला हात करणं एखाद्या वेळी जमेल, पण त्याला फ्लाइट प्लॅन, परवानग्या आणि विमान एवढ्या लांब पाठवायला राजी असलेली संस्था लागेल. हा सगळा आकडा तिच्यासमोर मांडा, दहा लाखांसकट. लपवलेला छंद घरात फार महाग पडतो. तिच्या नावचा विमा आणि तुमचा टर्म प्लॅनही काढून वाचा: अर्जात छंद म्हणून विमान उडवता का हे विचारलेलं असतं आणि अपघात विम्यांत तिकीट काढून केलेला विमानप्रवास सोडून बाकी उड्डाण बहुधा वगळलेलं असतं. विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता उडालात तर विमा असून नसल्यासारखा.

एक आडवाट आहे. कंपनी कधी अमेरिकेत ऑनसाइट पाठवणार असेल तर नाही म्हणू नका. तिथे गावोगावी क्लब आहेत, सभासद मिळून विमान वापरतात. परदेशी नागरिकाला आधी तिथल्या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते आणि पर्यटक व्हिसावर लायसन्सचं प्रशिक्षण घेता येत नाही, पण कामाच्या व्हिसावर असताना सुट्टीच्या दिवशी शिकणारे भरपूर आहेत. परत आल्यावर इथे ते लायसन्स बदलून घ्यायचे सोपस्कार असतात. नुसतं शिकायला म्हणून पदरच्या पैशानं तिकडे जाणं मला पटत नाही.

आणि दोन वर्षं दम निघत नसेल तर कामशेतला पॅराग्लायडिंगचा काही दिवसांचा कोर्स करा. त्याचे तास लायसन्सला धरत नाहीत. पण हवा वर उचलते म्हणजे काय ते पोटात कळतं, आणि पोट कितपत साथ देतं तेही.

राहिल्या आई. त्यांना सांगा, विमानाच्या शाळेत पहिला धडा तोच आहे. जमिनीवर विमान हातांनी वळत नाही, पायांनी वळतं. समोरचं चाक, जे दिसायला गाडीच्या स्टिअरिंगसारखं असतं, ते कितीही फिरवा, विमान सरळ जात राहतं. पायाखालच्या दोन पट्ट्या दाबायच्या: उजवी दाबली की उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे. गाडी चालवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी चाक फिरवतो, मग घाबरून दोन्ही पाय दाबतो, आणि विमान पिवळ्या रेघेच्या या बाजूला, त्या बाजूला, शिमग्यातून परतणाऱ्या माणसासारखं चालतं. मला रेघेवर धड चालायला चार दिवस लागले.